छातीचं माप

बायको : पिशवीकडे काय बघताय? वहीकडे बघा.

मास्तर : वही रोजचीच आहे. ही पिशवी दुकानात कशाला?

बायको : चार कपडे आहेत माझे. पाचच्या गाडीनं ताईकडे चाललेय. जायच्या आधी मापाच्या वहीचं हे शेवटचं पान तेवढं मला वाचून दाखवा.

मास्तर : शटर वर आहे. कुणी आलं म्हणजे?

बायको : येऊ दे. शिंप्याच्या दुकानात मापाची वही उघडी दिसली तर कुणाला काही वाटत नाही.

मास्तर : घरी बोलू.

बायको : घरी तुम्ही बोलता कुठे? ताटावर येऊन बसता आणि जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून झोपता. वाचा.

मास्तर : चष्मा नाही.

बायको : कपाळावर आहे.

मास्तर : कुणाचं तरी माप आहे. जुनं.

बायको : शेवटची तारीख परवाची आहे. सत्तावीस वर्षं तुम्ही टेप धरता आणि मी लिहिते. तुम्ही तिकडून ओरडायचं, छाती चाळीस, कंबर छत्तीस, खांदा साडेअठरा, आणि मी मुकाट्यानं उतरवून घ्यायचं. या दुकानातल्या सगळ्या वह्यांत माझं अक्षर आहे. या एका पानावर तुमचं. मी नसताना कुणाचं माप घेतलंत?

मास्तर : घेतलं असेल एखादं. तू बाजारात गेली असशील.

बायको : एखादं नाही, चौदा आहेत. महिन्याला एक. वर नाव नाही, खाली फोन नाही, कपडा कुठला त्याचा पत्ता नाही. कंबर नाही, बाही नाही, नुसती छाती. अडतीस. सव्वाअडतीस. साडेअडतीस. इथे दोन महिने तेवढंच. मग एकोणचाळीस. परवा चाळीस.

मास्तर : मग?

बायको : मग काय? आपण पुरुषांचे कपडे शिवतो. पुरुषाचं पोट सुटतं, ते मी हजारदा लिहिलंय. पण कंबर सोडून नुसती छाती दर महिन्याला वाढत चाललेला पुरुष या वह्यांत मला कधी भेटलेला नाही. कोण आहे ती?

मास्तर : ती? तुझं डोकं फिरलंय.

बायको : आठ महिन्यांपूर्वीच फिरलं. पान तेव्हा सापडलं मला. आधी वाटलं, दिवस गेलेत तिला. बोटांवर मोजत बसले. नववा गेला, दहावा गेला, माप आपलं चालूच. मग म्हटलं, नाही, नुसतीच भरत चाललीय. सुखात असेल.

मास्तर : आठ महिने तू हे मनात ठेवलंस?

बायको : तुम्ही चौदा महिने वहीत ठेवलंत. समोरच्या झेरॉक्सवालीकडे मी सहा महिने तिरक्या नजरेनं बघतेय. ती बिचारी हसून नमस्कार करते आणि मी मान फिरवते.

मास्तर : तिचा काय संबंध? ती चौतीसच्या वर नाही.

बायको : बरं माहीत आहे तुम्हाला.

मास्तर : शिंपी आहे मी. रस्त्यावरून जाणाऱ्याचंही माप डोळ्यांत भरतं.

बायको : माझं भरत नाही. माझ्याकडे शेवटचं कधी बघितलंत, तारीख आहे का त्याची कुठल्या वहीत? आणि आज सकाळी कुठे होतात? दोरा आणायला जातो म्हणालात. तीन तास गेलात. दोरा कुठाय?

मास्तर : दोरा... मिळाला नाही.

गिऱ्हाईक : मास्तर, आहात ना? नमस्कार वहिनी. कोट झाला का माझा?

मास्तर : या. आज ट्रायल आहे. घालून बघा.

गिऱ्हाईक : वा, कापड काय पडलंय. पण मास्तर, बटण लागत नाहीये हो.

मास्तर : असं कसं होईल? महिन्यापूर्वीच माप घेतलंय.

गिऱ्हाईक : तिथेच तर गंमत आहे. महिनाभर व्यायामशाळेत जातोय मी. छाती भरलीय. हात लावून बघा, दगड आहे दगड. बायको म्हणते, आत्ता कुठे पुरुषासारखे दिसायला लागलात.

बायको : छाती वाढलेल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं मास्तर?

मास्तर : परत माप घ्यायचं. लिही.

बायको : सांगा.

मास्तर : छाती एक्केचाळीस.

बायको : एक्केचाळीस. वर यांचं नाव घालू ना? नाही, विचारलेलं बरं. हल्ली काही मापं बिननावाची असतात.

गिऱ्हाईक : घाला की वहिनी. आपलं काही चोरून नसतं.

मास्तर : कंबर छत्तीस. तीच आहे. हात खाली सोडा. बगलेत शिलाईच्या आत जादा कापड ठेवलंय मी, उसवून देतो. परवा संध्याकाळी या.

गिऱ्हाईक : आणि तुम्हीही येत चला व्यायामशाळेत. रागावू नका, पण हल्ली फार पोक काढून चालता. छाती पुढे काढून चालावं माणसानं.

मास्तर : परवा या.

गिऱ्हाईक : येतो. वहिनी, येतो हं.

बायको : परक्या माणसाच्याही नजरेत आलं तुमचं पोक. मी समजत होते, मनातलं पाप जड झालंय म्हणून वाकलेत.

मास्तर : शटर ओढून घेतो अर्धं. बस तू.

बायको : उभी बरी आहे. गाडी पाचला आहे.

मास्तर : सकाळी डॉक्टरकडे गेलो होतो.

बायको : तिला घेऊन?

मास्तर : ती नाहीच गं कुणी. ते माप माझं आहे.

बायको : कुठलं?

मास्तर : त्या पानावरचं. चौदाच्या चौदा मापं माझी आहेत.

बायको : अहो, निदान खोटं तरी नीट बेतून आणा. इतका चांगला हात आहे तुमचा कापायला.

मास्तर : थांब. इकडे बघ.

(मास्तर शर्टाची बटणं काढतो आणि आतली घट्ट बंडी वर सरकवतो. ती बघते.)

बायको : खाली घ्या ते. कुणी येईल.

मास्तर : आता समजलं?

बायको : ही बंडी कधी शिवलीत?

मास्तर : मागच्या वर्षी तू आठ दिवस ताईकडे होतीस तेव्हा. दुहेरी कापड आहे. आवळून ठेवते.

बायको : भर उन्हाळ्यात ही घालून मशीनवर बसत होता?

मास्तर : हो.

बायको : शिलाई वाकडी गेलीय.

मास्तर : शटर ओढून अंधारात शिवली.

बायको : हे काय आहे? कशानं झालंय?

मास्तर : डॉक्टर म्हणाले, बहुधा कोलेस्टेरॉलच्या गोळीनं. बहुधा. ठाम नाही सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून घेतोय ती. लाखो लोक घेतात, काही होत नाही म्हणाले. पण हार्मोन शरीरात त्या चरबीपासूनच तयार होतात, तेव्हा एखाद्याचं गणित बिघडू शकतं. दुसरी कारणंही असू शकतात. थायरॉइड असेल, यकृत असेल, नुसतं वयही असेल. म्हणून उद्या रक्त तपासायचं, मग सोनोग्राफी. आणि गोळी बदलायची.

बायको : आणि आजच कसं जावंसं वाटलं?

मास्तर : डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. मला वाटलं, तोच रोग. पुरुषांनाही होतो म्हणतात. आठवडाभर झोप नाही. डॉक्टर म्हणाले, साधी वाटतेय, पण बघून घेऊ.

बायको : आठवडाभर तुम्हाला कॅन्सर होता आणि मी शेजारच्या खोलीत तुमच्या बाईचा चेहरा शोधत होते. काय संसार आहे.

मास्तर : तुला सांगणार होतो.

बायको : कधी? माप पन्नास झाल्यावर?

मास्तर : कशा तोंडानं सांगू? दिवसभर माणसांच्या छात्या मोजतो मी. तो आत्ता आला तसे येतात, फुगवून उभे राहतात, मी टेप फिरवतो आणि बोटांना माझंच आठवतं. कुणाला सांगू, की बाबा, मला आता आतून आधार लागतो म्हणून?

बायको : कुणाला कशाला सांगायचं? बायको कशाला असते?

मास्तर : तुलाच तर सांगायचं नव्हतं.

बायको : का?

मास्तर : नुसतं एवढंच नव्हतं ना. ते दुसरंही गेलं.

बायको : दुसरं काय?

मास्तर : तुला कळतंय.

बायको : मला काही कळत नाही. दोन वर्षं अंदाजानं जगतेय मी. तोंडानं बोला.

मास्तर : इच्छा. ती गेली. रुसलेली असती तर आज ना उद्या आली असती. दिवाच नसल्यासारखं झालं. तू केस विंचरत बसायचीस, मी बघायचो, आणि आत काही हलायचं नाही. कपाटाकडे बघावं तसं बघत होतो तुझ्याकडे. आणि त्याची भीती वाटायची.

बायको : तेही गोळीनं?

मास्तर : असू शकेल म्हणाले. खात्री नाही त्याचीही.

बायको : आणखी कशाकशानं काय होऊ शकतं म्हणाले? सांगा सगळं. मला ऐकायचंय.

मास्तर : पोटऱ्या दुखणं. थकवा. ते तर सगळ्यांना माहीत असतं. क्वचित हे असं, छातीचं. क्वचित ते दुसरं. थोडे म्हणे उदासही होतात.

बायको : मग या गोळ्यांचं काय?

मास्तर : कुठल्या?

बायको : या. अठरा आहेत. पांढऱ्या बटणांच्या डब्यात होत्या. शाळेच्या शर्टाला बटण लावायला एक उचलली, उलटी करते, सुलटी करते, भोकंच सापडेनात. मला वाटलं, नवीन पद्धतीची आली.

मास्तर : अठरा दिवस घेतली नाही. मला संशय आला होता गोळीचा. वाटलं, बंद करून बघावं.

बायको : दोन वर्षं मी जेवण झालं की तुमच्या हातावर गोळी ठेवते, पाण्याचा पेला धरून उभी राहते. गिळलीत की मी जेवायला बसते. आणि तुम्ही ती जिभेखाली धरून इथवर आणत होतात? दुसऱ्या दिवशी?

मास्तर : खिशात ठेवायचो. सकाळी डब्यात टाकायचो.

बायको : त्या दवाखान्याच्या बाकावर मी तीन दिवस बसले होते. आत तुमच्या छातीत तार घातलेली, आणि बाहेर मी. ते विसरलात? गोळी सोडलीत आणि पडला असतात या टेबलावर, तर मी काय समजले असते? मी दिली नाही, असं समजले असते.

मास्तर : डॉक्टरही तेच बोलले. फार बोलले. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही म्हणाले, काही होत असेल तर येऊन सांगायचं, शंभर पर्याय असतात. आजपासून दुसरी लिहून दिलीय. कमी ताकदीची.

बायको : मला काय वाटलं माहीत आहे? माझ्या हातची गोळीसुद्धा नकोशी झाली माणसाला.

मास्तर : तसं नव्हतं गं.

बायको : तसं नव्हतं, हे मला आज दुपारी साडेतीन वाजता कळतंय.

मास्तर : पण कळलं ना? बाई नाही, काही नाही. मी कुठे गेलो नाही, कुणाकडे बघितलं नाही. सगळं त्या गोळीमुळे झालं असेल. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला दवाखान्यात रडू आलं. वाटलं, पळत जाऊन तुला सांगावं.

बायको : पळत आलात आणि दोरा मिळाला नाही म्हणालात.

मास्तर : धीर झाला नाही. आता सांगितलं ना. ती पिशवी आत ठेव.

बायको : असू दे ती तिथेच. एक विचारू? माझी मावसबहीण आली होती, तिच्या मुलीचं ठरलं त्या वेळची गोष्ट. पाहुणे गेले. मी नवीन कपडे घातले होते. आठवतंय?

मास्तर : नाही.

बायको : आठवतंय तुम्हाला. चेहऱ्यावर दिसतंय. तुम्ही आडवे पडला होतात. मी शेजारी येऊन बसले आणि तुमच्या छातीवर हात ठेवला. किती महिन्यांनी ठेवला होता. तुम्ही तो उचलून बाजूला टाकलात. काय म्हणालात?

मास्तर : दुखत होतं मला. नुकतंच सुरू झालं होतं. हात लागला की कळ जायची.

बायको : काय म्हणालात ते विचारतेय.

मास्तर : आता कशाला ते.

बायको : 'वयाला शोभेल असं वाग.' हे म्हणालात. ओरडून पण नाही, हळू. समजावल्यासारखं.

मास्तर : मी घाबरलो होतो.

बायको : दुसऱ्या दिवसापासून सासरी गेलेल्या पोरीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेले मी. तुम्हाला सांगितलं, घोरता म्हणून. तुम्ही घोरत नाही. केसांना रंग लावणं सोडलं. ताई विचारायची, एकदम अशी म्हातारी का दिसायला लागलीस, तर म्हणायचे, वय झालं. एकावन्नाव्या वर्षी माझी मलाच लाज वाटायला लागली, की कसली ही हावरी बाई. तुमच्या हार्मोनचं गणित चुकलं आणि उत्तर माझ्या माथी मारलंत.

मास्तर : चुकलो मी.

बायको : डॉक्टरांनी सगळी यादी सांगितली म्हणता. पोटऱ्या, थकवा, छाती, इच्छा. बायकोला तोडून बोलणं, हेही होतं का त्यात?

मास्तर : नाही.

बायको : विचारलंत?

मास्तर : असं कोण विचारतं?

बायको : विचारायला हवं होतं. क्वचित एखाद्याला होतं म्हणाले असते, तर तेवढाच आधार झाला असता तुम्हाला. मलाही झाला असता.

मास्तर : माझं वय झालंय असं वाटत होतं मला. ते तुझ्यावर टाकलं. दुसरं काय सांगू? त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

बायको : 'दुखतंय' हे नाही सुचलं? तीन अक्षरं... चार असतील. तेवढं बोलला असतात तर मी हात काढला असता आणि शेक दिला असता. हसलेही असते कदाचित. मग तुम्ही रागावला असतात आणि सकाळी मी तुमचं माप लिहिलं असतं. माझ्या अक्षरात, वर तुमचं नाव घालून.

मास्तर : बाई नाही म्हटल्यावर तुला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं.

बायको : बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चार शिव्या घालून आले असते. आता त्या एवढ्याशा गोळीशी भांडू? तीही तुम्हाला जगवत होती म्हणे.

मास्तर : बस ना जरा. पाणी देऊ?

बायको : रक्त किती वाजता आहे उद्या?

मास्तर : आठला. उपाशीपोटी. हे हार्मोन सकाळीच बघावे लागतात म्हणाले.

बायको : येईन मी. तुम्ही एकटे गेलात तर अर्धं सांगाल आणि अर्धं गिळाल. डॉक्टरांना अठरा गोळ्यांचंही सांगायचं.

मास्तर : सांगितलंय.

बायको : माझ्यासमोर परत सांगा.

मास्तर : म्हणजे आज जात नाहीस.

बायको : आज नाही. उद्या तुमचं रक्त झालं की दुपारच्या गाडीनं जाईन.

मास्तर : किती दिवस?

बायको : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ताईला पंधरा दिवस सांगितलेत.

मास्तर : नवीन गोळी सुरू केली की हळूहळू उतरू शकेल म्हणाले. तीन-चार महिने. आणि इच्छाही कदाचित परत...

बायको : ती तुमची येईल हो. माझी गेलीय, तिला कुठली गोळी द्यायची ते विचारून ठेवा.

मास्तर : तू असं बोललीस की मला काही बोलता येत नाही.

बायको : आधीही येत नव्हतं.

मास्तर : जेवल्यावर गोळी मी स्वतः घेईन. तू उभी राहू नकोस. पण घेईन. फोन करून सांगेन तुला, घेतली म्हणून.

बायको : सांगा. उचलेन की नाही ते आत्ता सांगत नाही.

मास्तर : शटर वर करू?

बायको : राहू दे अजून जरा.

मास्तर : इकडे येतेस? बंडी काढतो. ती गाठ कुठे आहे, तुला दाखवतो. डॉक्टर सोडून कुणी हात लावलेला नाही. तू बघ एकदा, मला बरं वाटेल.

बायको : दुखतं का अजून?

मास्तर : हात लागला की.

बायको : मग नाही लावत.